बटईचा कोंब्या

भर मे महिन्यात, दुपारच्या वेळी, सेलूच्या मेन रोडवर एखादा माणूस उघड्या उन्हात स्टूल टाकून बसलेला दिसला, तर दोनच गोष्टी असू शकतात. एकतर त्याला ऊन लागलंय, नाहीतर तो आमचा गुणवंतभाऊ आहे.

आमच्याकडचा मे महिना ज्याने पाहिला नाही त्याला हे कळायचं नाही. कुत्रीसुद्धा त्या वेळी नालीत उतरून बसतात. दुकानदार शटर अर्धं ओढून कूलरपुढे आडवे होतात. आणि हा माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून, दोन्ही हातांत एक राखाडी प्लास्टिकची डबी धरून बसलेला. डबी थोडी इकडे कलती करायची, थोडी तिकडे, आणि दोन्ही अंगठे सारखे चालू. एस.टी. थांबली की खिडकीतली माणसं वाकवाकून पाहायची. एकदा कंडक्टरनेच मला विचारलं, "काय झालं जी यायले?"

मी म्हणालो, "काही नाही, पिकाला ऊन दाखवून राह्यले."

त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने घंटी मारली.

माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. शेजारी गुणवंतभाऊंचं कृषी केंद्र. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. दुकानामागे त्यांचं घर, आणि घरात ते आणि विमलवहिनी, दोघंच. मूलबाळ झालं नाही. आमच्या दोन दुकानांच्या मधे भिंत एकच, त्यामुळे गुणवंतभाऊ तिकडे जे बोलतात ते मला इकडे ऐकावंच लागतं. आणि बाप्पा, ते बोलतात फार.

त्यांना जगात पीक सोडून दुसरं काही दिसत नाही. शेतकरी पिवळं पान घेऊन आला की हे ओरडणार, "पान कायले दाखवतं बे? बुड पाह्य आंधी, बुड!" हे एक वेळ ठीक. पण माझ्या दुकानात टीव्ही उघडून ठेवलेला असला तरी मागे येऊन उभे राहणार आणि म्हणणार, "पिक्चर कायले पाहतं बंडू? बुड पाह्य." एकदा खरोखरच पिन ढिली निघाली. तेव्हापासून तो टीव्ही त्यांनी दुरुस्त केला असं ते साऱ्या गावाला सांगतात. कोणाचं पोर तापाने फणफणलं तर यांचं निदान, "कोवळा फुटवा आहे, पाणी जपून द्या." वहिनींच्या नात्यातल्या एका मुलीसाठी स्थळ पाहायला गेले, तर मुलाला चहा घेता घेता वरून खाली न्याहाळलं आणि त्याच्या बापासमोर म्हणाले, "उंची मस्त आहे. पण बुडात दम नाई. वारा आला का लोळन." स्थळ मोडलं. मुलगा पुढे चांगला तलाठी झाला, दोन मजली घर बांधलं, पण गुणवंतभाऊ अजून वाऱ्याची वाट पाहून आहेत.

तर अशा माणसाच्या हातात ती डबी पडली.

वहिनींची भाची नागपूरला शिकत होती. ती एकदा सुट्टीत आली तेव्हा तो व्हिडिओ गेम घेऊन आली. तिचं मन त्याच्यावरून उडालं होतं. मावशीला बटणं शिकवली आणि डबी इथेच सोडून गेली. गेम असा, की त्यात चित्रविचित्र जनावरं असतात. ती पकडायची, पाळायची, वाढवायची आणि दुसऱ्यांच्या जनावरांशी झुंजवायची. कोणी पंखवालं, कोणी शेपटीतून जाळ काढणारं, कोणी दगडाचं. त्यांत एक होतं झाडासारखं. तुरीच्या दाण्यासारखं गोल अंग, टरफल अर्धं फाटलेलं, डोक्यावर दोन जाड पानं, खाली दोन आखूड पाय. डोळे नेहमी अर्धवट मिटलेले. आत्ताच मातीतून वर आलं आणि उजेड सहन होईना, असा सगळा चेहरा. त्याचं इंग्रजी नाव आमच्यापैकी कोणाच्याच जिभेवर बसलं नाही. गुणवंतभाऊंनी त्याला पाहिलं आणि पाहताक्षणी नाव ठेवलं, कोंब्या.

"द्विदल आहे," मला म्हणाले. "दोन पानं दिसते का नाई? मंग! कडधान्यातला आहे."

"भाऊ, ते जनावर आहे."

"तुले काय समजते पिकातलं? तू टीव्ही पाह्य."

गावात बातमी पसरली की गुणवंतभाऊंनी कोंबड्या पाळल्या. माणसं अंडी मागायला यायला लागली. हे त्यांना हाकलून द्यायचे आणि वरून म्हणायचे, "एकच आहे अन् तो अंडे देत नाई."

उन्हाचं प्रकरण असं. त्या जुन्या डबीच्या पडद्याला आतून उजेड नसायचा. दुकानाच्या अंधारात पडदा नुसता काळा दिसायचा. लोडशेडिंगमधे तर विचारूच नका. गुणवंतभाऊ एक दिवस डबी घेऊन रस्त्यावर आले, ऊन पडलं, आणि कोंब्या एकदम लखलखीत दिसला. बस्स. यांची खात्री पटली. पीक आहे, त्याला ऊन पाहिजेच.

मी समजावून सांगितलं, "भाऊ, पडद्यात लाइट नाही म्हणून उन्हात दिसतं."

"मंग मी काय म्हणून राह्यलो? उनाबिगर येत नाई तो बाहेर."

आता या दोन वाक्यांतला फरक मी कोणाला आणि कसा समजावणार? मी नाद सोडला. बीटी कपाशीचं बियाणं नवीन नवीन आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मृगाच्या तोंडावर दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, आणि मालक बाहेर स्टुलावर कोंब्याला ऊन दाखवत बसलेले. गिऱ्हाईक हाका मारून मारून थकायचं.

झुंजींच्या बाबतीत मात्र आमचे भाऊ अगदीच कच्चे. पहिल्यांदा अळी आली तेव्हा भिंतीपलीकडून अशी किंचाळी आली, "बंडू, अळी आली बे, अळी!" की मी हातातला पाना घेऊनच धावलो. पडद्यावर एक लठ्ठ हिरवी अळी कोंब्याचं पान कुरतडत होती. कोंब्या आडवा झाला. ज्या माणसाच्या पाठीमागे अळीच्या औषधांच्या बाटल्यांची अख्खी भिंत उभी, त्याचं पीक अळीने खाल्लं. त्या दिवशी गुणवंतभाऊ जेवले नाहीत. पुढे अळी दिसली की ते रस्ता बदलायचे. "फवाऱ्याची सोय नाई ना त्याच्यात," म्हणायचे. कोंब्याचा एकच डाव त्यांना मनापासून आवडायचा. तो डोक्यावरची पानं झटकायचा, त्यातून पिवळी भुकटी उडायची आणि समोरचं जनावर गाढ झोपायचं. "मारत नाई, झोपोते," हे ते इतक्या अभिमानाने सांगायचे की जसं काही त्यांच्याच घरातलं वळण.

आता घरातलं वळण म्हटलं की मला खरी गोष्ट सांगावीच लागेल. गुणवंतभाऊ साऱ्या तालुक्याशी बोलायचे, पण घरात वहिनींशी त्यांचा अबोला होता. रुसवाफुगवी नव्हे, चांगला पिकून कडक झालेला, वर्षानुवर्षांचा अबोला.

वहिनींचं माहेर समुद्रपूरकडचं. तिकडून त्यांनी एक कागदी लिंबाचं रोप आणलं होतं आणि अंगणात लावलं होतं. चांगलं डेरेदार झाड झालं. आमच्या घरच्या सरबताला, लोणच्याला वर्षभर तिथलीच लिंबं. एका पावसाळ्यात त्यावर मावा पडला, तर गुणवंतभाऊंनी पंप पाठीवर घेतला आणि झाड फवारलं. चार-सहा दिवसांत पानं पिळवटली, अरुंद झाली, गळाली. झाड उभ्या उभ्या वाळलं.

तणनाशक मारलेला पंप न धुता दुसऱ्या झाडावर मारला की असं होतं, हे आमच्याकडे शाळेतली पोरंही सांगतील. आणि हे शिकवलं कोणी? गुणवंतभाऊंनीच! तणनाशकाची बाटली घेणाऱ्याला ते सुखासुखी जाऊ देत नसत. "धू. साबणानं धू. मंग पुन्हा धू. आळस केला तं कपाशीचं वाटोळं होईन, मंग माह्या दारात रडत येजो नोको." हे मी भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकलंय की मला झोपेत विचारलं तरी म्हणून दाखवीन.

वहिनींनी त्यांना एकदाच विचारलं, "पंप धुतला होता काय?"

"धुतला होता. डिंक्या रोग होता झाडाले," गुणवंतभाऊ म्हणाले.

वहिनी आत गेल्या आणि त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलल्या नाहीत. साऱ्या आळीला माहीत होतं की झाड गेलं त्याचं दुःख एका बाजूला, पण वहिनींना लागलं ते खोटं. आणि भाऊंना माहीत होतं की एक वाक्य बोललं तर सुटतं. पण तालुक्याला पंप धुवायला शिकवणाऱ्या माणसाने आपला पंप धुतला नव्हता, हे तोंडातून काढायचं कसं? "डिंक्याच होता," ते मला उगाचच मधून मधून सांगायचे. मी विचारलेलं नसायचं.

मग घरात कसं चालायचं? भाऊ भिंतीला सांगायचे, "आज उशीर होईन." वहिनी डब्याच्या झाकणाला सांगायच्या, "डाळ सरली." आणि कोणाचाही निरोप जास्त अवघड असला की माझ्या दुकानात यायचा. "बंडू, तिले सांगजो का उद्या पाहुणे आहे." "भाऊजी, यांले सांगा, डोळे दाखवून या." मी सोल्डरिंगची काडी हातात धरून त्यांचे निरोप वाहायचो. माझी बायको म्हणायची, तुम्ही दुकानाबाहेर लाल पेटीच टांगा.

डबी आली आणि एक दिवस वहिनी मागच्या दाराने माझ्याकडे आल्या. "भाऊजी, पेन्सिल सेल द्या. यांले सांगू नका." मी म्हटलं, वहिनींना कशाला सेल? संध्याकाळी गुणवंतभाऊ आले. "बंडू, सेल दे. घरात सांगू नको." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

भाऊ दुपारी जेवायला घरी गेले की डबी माठाच्या झाकणावर ठेवायचे. भाऊ आडवे झाले की वहिनी ती उचलून अंगणात जायच्या. संध्याकाळी डबी भाऊंच्या खुर्चीवर. कोणी कोणाला दिली नाही, कोणी कोणाकडून घेतली नाही. आणि भाऊ ज्या अळीला पाहून रस्ता बदलायचे, त्या अळ्यांना वहिनी दुपारून लोळवायच्या. जन्मभर वांगी आणि कोबी निवडलेल्या बाईला अळीचं काय कौतुक? दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ पडद्यात डोकं घालून खूश. "पाह्य बे, ताकद वाढली याची. दुपारून वाढते तो."

"आपोआप?" मी विचारायचो.

"आपोआप," ते म्हणायचे आणि दुसरीकडे पाहायचे.

मी एकदा चिडवलं, "भाऊ, हे तर बटईचं पीक झालं. एकाचं रान, दुसऱ्याची मेहनत, निम्मं निम्मं." वाटलं होतं, अंगावर येतील. पण नाही. हसू दाबत दुपट्टा सारखा करत बसले. वहिनी तिकडे त्याला बुटक्या म्हणायच्या. "आमचा बुटक्या लय गुणी आहे हो भाऊजी," असं त्या मला सांगायच्या, आणि "आमचा" हा शब्द त्यांच्या तोंडून मी फार वर्षांनी ऐकत होतो.

एक दिवस पुन्हा आरोळी आली. "बंडू! कोंब्या फुटला बे!" धावलो. पडदा लखलखत होता, कोंब्याचा आकार थरथरत बदलत होता आणि भाऊ जी दिसतील ती सगळी बटणं दाबत होते. थरथर थांबली. कोंब्या होता तसाच. मी नागपूरला भाचीला फोन लावून विचारलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, तो मोठा होत होता, त्याचं खोडबिड असलेलं झाड होणार होतं. होऊ द्यायचं नसेल तर बटण दाबून थांबवता येतं.

मी भाऊंना सांगितलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा कोंब्या मोठा व्हायला निघाला, तेव्हा तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "शेंडा खुडला. तुरीचा नाई खुडत आपण? खुडला का फुटवे येते." कोंब्याला काही फुटवेबिटवे आले नाहीत. तो आपला दोन पानांचा, आखूड पायांचा, तेवढाच राहिला. गंमत म्हणजे दुपारी वहिनींच्या हातात असतानाही तो मोठा झाला नाही. मी म्हटलं, असेल नशीब एकेकाचं.

काही वर्षं असं छान चाललं. मग एका हिवाळ्यात गुणवंतभाऊ चेहरा पाडून माझ्या दुकानात आले आणि डबी टेबलावर ठेवली.

"कोंब्या झोपत नाई."

"म्हणजे?"

"संध्याकाळ झाली का तो पानं मिटे, झोपे. आता रातभर जागाच राह्यते. बुडात काही झालं असन. खोलून पाह्य."

त्या गेमला आत घड्याळ होतं. इथे सांज झाली की तिथेही सांज व्हायची आणि कोंब्या झोपायचा. घड्याळच बंद पडलेलं. मी डबीत मागून बसवलेली गेमची कॅसेट काढून उघडली. आत घड्याळात असतो तसा एक गोल चपटा सेल. तो संपत आला होता.

मी सांगितलं, "भाऊ, कोंब्याची सगळी आठवण या सेलच्या जिवावर आहे. हा गेला की सगळं पुसलं जाईल. मी बाजूने दुसरा सेल लावून हा बदलायचा प्रयत्न करतो. जमलं तर जमलं. नाही जमलं तर पाटी कोरी. पण वाट पाहू नका, हा कधीही जाईल."

त्यांनी ती कॅसेट उचलून डोळ्यांजवळ धरली. मग म्हणाले, "तिले विचारा लागन."

"विचारा ना मग."

"तू विचार."

"मी नाही विचारणार," मी म्हणालो. मला खरंच राग आला होता. इतकी वर्षं डाळीचे आणि पाहुण्यांचे निरोप वाहिले, पण हे माझं काम नव्हतं. त्या घरात दोघांनी मिळून केलेली एकच गोष्ट उरली होती आणि तीच आता जाणार होती. कोंब्या गेला, तर त्या दोघांच्या मधे नुसतं माठाचं झाकण उरणार होतं. "निम्मं पीक त्यांचं आहे. तुम्ही बोला."

"विचारतो," म्हणाले आणि डबी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणे, "आज तिची एकादस होती." पुढच्या दिवशी, "पाहुणे होते." मग, "तिची कंबर दुखून राह्यली, कायले तरास द्याचा." एके दिवशी तर म्हणाले, "भितीले सांगतलं म्या. पण तिनं आयकलं नसन, भांडे घासत होती." मधेच वहिनी मागच्या दाराने आल्या. "भाऊजी, बुटक्या झोपत नाई. यांनी काही केलं काय?" मी त्यांनाही तेच सांगितलं आणि म्हणालो, "भाऊंशी बोला."

"मी काऊन बोलू?" त्या म्हणाल्या. पण जाताना दारात थांबल्या. "लय दिवस राह्यन काय तो असा?"

"नाही वहिनी."

त्या गेल्या. दोघंही असे अडून बसलेले आणि मधे तो न झोपणारा कोंब्या. शेवटी एका दुपारी लाइट गेलेली असताना वहिनी पदराखाली डबी घेऊन समोरच्या दाराने माझ्या दुकानात आल्या. त्यांना येताना पाहून गुणवंतभाऊही काउंटर तसंच सोडून आले. दोघं एका वेळी माझ्या दुकानात, हे पहिल्यांदाच. मी स्टुलं पुढे केली. बसलं कोणी नाही.

"भाऊजी, यांले विचारा, सेल बदलाचा काय," वहिनी म्हणाल्या.

"बंडू, तिले म्हण, तिचं काय म्हणणं आहे ते सांग," भाऊ म्हणाले.

"मला कोणी काही सांगू नका!" मी ओरडलोच. "मी काडीवाला आहे, पोस्टमन नाही. एकमेकांच्या शेजारी उभे आहात. बोला, नाहीतर न्या तुमची डबी घरी!" आणि रागारागात मी डबी ओढून घेतली आणि कोंब्या कसा आहे ते पाहायला बटण सरकवलं.

आत अंधार होता म्हणून दारात उन्हात आलो. दोघंही मागे आले. तिघांची डोकी त्या एवढ्याशा पडद्यावर वाकली. सुरुवातीचं संगीत वाजलं. जुना खेळ पुढे चालू करायची ओळ नेहमी सगळ्यांत वर असायची. ती नव्हती. नवीन खेळ, एवढंच लिहिलेलं. मी बंद करून पुन्हा सुरू केलं. कॅसेट काढून फुंकर मारली, पुन्हा घातली. तेच.

"गेला," मी म्हणालो.

गुणवंतभाऊंनी माझ्या हातातून डबी घेतली. इकडे कलती केली, तिकडे कलती केली. "ऊन कमी पडत असन," म्हणाले. डोक्यावर चांगलं कडक ऊन होतं. ते डबी फिरवतच राहिले. वहिनी त्यांच्याकडे पाहत होत्या आणि भाऊ कोणाकडेच न पाहता म्हणाले, "मोठा होऊ द्याले पाह्यजे होता त्याले."

"मंग काऊन नाई होऊ देल्ला?"

विचारलं वहिनींनी. सरळ त्यांना विचारलं.

"तुले लहान आवडे म्हणून."

"मले? मले कोणतं लहान आवडे? सकाळी पाहो तं तो तेवढाच. मले वाटलं, तुमाले तो लहानच ठेवाचा आहे. म्हणून माह्या हातात मोठा होऊन राह्यला का मीही थांबवत होती."

मला हसावं की डोकं आपटावं ते कळेना. एक साधं वाक्य कोणी बोललं नाही म्हणून बिचारा कोंब्या दोन्ही बाजूंनी खुडला गेला होता.

"विमल," गुणवंतभाऊ म्हणाले. त्यांनी कधी नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. "पंप नोता धुतला म्या."

"माईत आहे."

"डिंक्या नोता. तणाचं औषध होतं पंपात. मले घाई होती अन् म्या..."

"माईत आहे म्हणलं ना. पानाले वास येत होता, अजी."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी बोलाची वाट पाहत होती."

गुणवंतभाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डोक्याला एवढा मोठा दुपट्टा गुंडाळलेला, पण त्याने डोळे पुसावेत हे त्यांना सुचलं नाही. वहिनींनीच त्याचं टोक ओढून त्यांच्या हातात दिलं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू? मी आत जाऊन उगाचच ड्रॉवर उघडला आणि नवा सेल शोधत बसलो. आता पुसलं जाण्यासारखं त्या कॅसेटमधे काही राहिलं नव्हतं. शेगडीवर काडी तापवून मी सेल बदलला.

कॅसेट घालून मी डबी वहिनींपुढे धरली. "आता टिकेल. पण पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

"दुबार करू मंग," वहिनी म्हणाल्या.

पहिलं पेरलेलं वाया गेलं की पुन्हा पेरायचं, ती दुबार पेरणी. आमच्या जिल्ह्यात हा शब्द हसत कोणी म्हणत नाही. गुणवंतभाऊंच्या काउंटरवर दुबारचं बियाणं न्यायला येणाऱ्यांची तोंडं मी पाहिली आहेत. पण वहिनी तो शब्द बोलताना हसल्या, आणि भाऊंनाही नाक ओढता ओढता हसू आलं.

"पण पाळीपाळीनं नाई," भाऊ म्हणाले. "संगंच."

"अन् अळी मी पाहीन," वहिनी म्हणाल्या.

खेळ सुरू झाला. तोच गोल दाणा फाटलेल्या टरफलातून डोळे किलकिले करत वर आला आणि पडद्यावर प्रश्न आला, याचं नाव काय ठेवायचं? पहिल्या वेळी भाऊ-वहिनींना ते वाचता आलं नव्हतं, त्यामुळे त्याचं इंग्रजी नावच राहिलं होतं.

"नाव काय टाकू?" मी विचारलं. "कोंब्या की बुटक्या?" म्हटलं, आता इथे तरी भांडतील.

"मुकुंद," दोघंही म्हणाले. एकाच वेळी म्हणाले.

मुकुंद नावाचं त्यांच्या घरात कोणी नाही, कधी नव्हतं. नवीन लग्न झालेलं असताना होणाऱ्या मुलासाठी ठरवून ठेवलेलं नाव असणार. मी विचारलं नाही. एकेक इंग्रजी अक्षर शोधून मी ते नाव घातलं आणि डबी दोघांच्या मधे धरली. वहिनींनी एका बाजूने धरली, भाऊंनी दुसऱ्या बाजूने.